तार गावात आली, पण घरात कधी येणार?

मंडळी, परवा संध्याकाळी आमच्या वाडीतल्या आठ घरांत फायबरचं इंटरनेट चालू झालं. मॉडेमवरचा लाल दिवा विझून हिरवा लागला तेव्हा शेजारच्या काकी म्हणाल्या, "आता तरी मुंबईचा फोन अर्ध्यात तुटायचा नाही ना रे?" मी हो म्हटलं खरं, पण मनातल्या मनात वर्षं मोजत होतो. आम्ही पहिला अर्ज केला २०२१ च्या पावसाळ्यानंतर. ग्रामपंचायतीच्या ऑफिसात फायबरची पेटी त्याच्याही आधी बसली होती. पेटीपासून आमच्या वाडीचं अंतर अडीच किलोमीटर. ते कापायला चार वर्षं लागली.

हे का झालं याचा विचार करताना जुनं वाचत गेलो, जुन्या लोकांशी बोलत गेलो. लक्षात आलं की ही गोष्ट फायबरची नाहीच. दीडशे वर्षांत आपल्याकडे जी जी तार आली तिची गोष्ट हीच आहे. म्हणून आज थोडं लांबलचक लिहितोय. वेळ काढून वाचा, कारण शेवटी आपल्या ग्रामसभेचं काम आहे.

सुरुवात करू तारेपासून. आपल्या देशात पहिला प्रायोगिक तारमार्ग १८५० मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर असा टाकला गेला. त्यामागचा माणूस विल्यम ओशॉनेसी, पेशाने डॉक्टर. पुढच्या पाच वर्षांत कलकत्ता, आग्रा, मुंबई, मद्रास ही शहरं तारेने जोडली गेली आणि १८५५ मध्ये तारसेवा सामान्य माणसासाठी खुली झाली. १८७० मध्ये समुद्राखालच्या केबलने मुंबई थेट विलायतेशी जोडली गेली. विचार करा, मुंबईहून लंडनला निरोप काही तासांत पोचायला लागला तेव्हा मुंबईहून आपल्या कोकणात यायला माणूस गलबतात किंवा आगबोटीत बसत होता.

ती तार गावात आली का? आली, पण तालुक्याच्या पोस्टापर्यंत. तिथून पुढे तार म्हणजे पोस्टमनचे पाय. जुन्या माणसांना विचारा. "तार आली" एवढं ऐकलं की घरात रडारड सुरू व्हायची, कागद वाचायच्या आधीच. कारण तार पाठवायला शब्दागणिक पैसे पडायचे, आणि एवढे पैसे मुंबईचा चाकरमानी फक्त मयतीला नाहीतर आजारपणालाच खर्च करायचा. आमच्या आजीच्या माहेरी तर तार पोचली ती बारावं झाल्यावर. यंत्राने काम मिनिटांत केलं होतं. उशीर झाला तो तालुका ते वाडी या शेवटच्या टप्प्यात, भर पावसात, नदीला पाणी असताना.

१८८५ मध्ये इंग्रजांनी टेलिग्राफ कायदा केला. हा कायदा लक्षात ठेवा, कारण फोन, मोबाईल, इंटरनेट सगळं काही पुढे याच कायद्याखाली आलं आणि २०२३ चा नवा दूरसंचार कायदा होईपर्यंत तो जिवंत होता. तारसेवा स्वतः मात्र त्याच्या आधीच गेली. जुलै २०१३ मध्ये शेवटची तार गेली.

आता टेलिफोन. १८८२ मध्ये मुंबई, कलकत्ता आणि मद्रासला टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाली. गावाला फोन मिळायला पुढची शंभर वर्षं गेली. माझ्या वडिलांच्या तरुणपणी आख्ख्या पंचक्रोशीत फोन दोन ठिकाणी होता, पोस्टात आणि एका व्यापाऱ्याच्या पेढीवर. मुंबईहून ट्रंक कॉल लावायचा, तोही "पी.पी." म्हणजे अमुक माणसालाच बोलवा असा. मग पोस्टातून कुणीतरी पोरगा वाडीवर धावत यायचा. माणूस पोस्टात पोचेपर्यंत लाईन कट झालेली असायची. मग तिथेच बाकड्यावर बसून पुन्हा वाट बघायची.

हे चित्र बदललं ते १९८० च्या दशकात. १९८४ मध्ये सॅम पित्रोदा यांच्या पुढाकाराने सी-डॉट ही सरकारी संशोधन संस्था स्थापन झाली. त्यांनी काय केलं हे समजून घेण्यासारखं आहे. परदेशातली एक्स्चेंज मोठी, शहरांसाठीची. त्यांना एसी लागायचा. आपल्या गावात वीजच धड नाही तर एसी कुठला? सी-डॉटने १२८ लाईनचं छोटं ग्रामीण एक्स्चेंज बनवलं, उन्हाळ्यात एसीशिवाय चालणारं. पहिलं बसलं १९८६ मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला. आपल्याला न शोभणारी वस्तू आणून गावाला दोष देण्यापेक्षा गाव बघून वस्तू बनवली, हा त्यातला धडा.

मग पिवळ्या पाट्या आल्या. एस.टी.डी. – आय.एस.डी. – पी.सी.ओ. आमच्या स्टँडवरच्या बूथमध्ये रात्री रांग लागायची, कारण रात्री उशिरा पाव दर. काचेच्या खोलीत घाम पुसत बोलायचं, नजर मात्र समोरच्या लाल आकड्यांवर. तो बूथवाला नुसता फोन देत नव्हता. तो निरोप घ्यायचा, वाडीवर पाठवायचा, उधारी लिहून ठेवायचा. तारेच्या वेळी पोस्टमन होता, फोनच्या वेळी बूथवाला. सरकारी तार जिथे संपायची तिथून पुढे कुणीतरी गावचा माणूस ती आपल्या अंगावर ओढत न्यायचा.

सरकारला हे कळत नव्हतं असं नाही. १९९४ च्या दूरसंचार धोरणात १९९७ पर्यंत प्रत्येक गावात फोन असं उद्दिष्ट लिहिलं होतं. गावात एक सार्वजनिक फोन ठेवला की "गाव जोडलं" अशी नोंद. त्यातले पुष्कळ फोन एका रेडिओ पद्धतीवर चालायचे. छतावर अँटेना, खाली बॅटरी. बॅटरी गेली की फोन गप्प. देशभर हे रेडिओ फोन इतके बंद पडायला लागले की २००३ नंतर ते बदलण्याचा वेगळा कार्यक्रमच काढावा लागला. पण कागदावर ती गावं जोडलेलीच होती.

इथे थोडं थांबून विजेची गोष्ट सांगतो, कारण ती आपल्याला जास्त ओळखीची आहे. १९९७ च्या आधी गावाच्या हद्दीत कुठेही, कशासाठीही वीज वापरली जात असेल तर ते गाव "विद्युतीकृत" धरलं जायचं. एका पंपाला वीज मिळाली, गाव झालं. २००४ मध्ये व्याख्या बदलली. किमान १० टक्के घरांत वीज हवी असं ठरलं. म्हणजे शंभरातली नव्वद घरं अंधारात असली तरी गाव उजेडात! एप्रिल २०१८ मध्ये देशातलं प्रत्येक गाव विद्युतीकृत झाल्याची घोषणा झाली. घराघरांत वीज नेण्यासाठी सौभाग्य योजना मात्र त्याच्या काही महिने आधीच, सप्टेंबर २०१७ मध्ये, सुरू करावी लागली होती. कारण उघड आहे. गाव मोजणं वेगळं आणि घर मोजणं वेगळं.

पाण्यातही तेच. टाकी बांधली, गाव झालं, असं किती वर्षं चाललं. २०१९ च्या जल जीवन मिशनमध्ये पहिल्यांदा मोजणी घरातल्या नळावर आली. त्या योजनेबद्दल तक्रारी भरपूर आहेत, माझ्याही आहेत. पण निदान आपण "माझ्या घरात नळ आहे की नाही" असं विचारू शकतो. मोजमाप बदललं की प्रश्न विचारण्याचा हक्क मिळतो.

आता फायबर. ही वस्तू काही काल-परवाची नाही. केसाएवढ्या काचेच्या धाग्यातून प्रकाश पाठवून बोलता येईल असं चार्ल्स काओ यांनी १९६६ मध्ये मांडलं, त्याबद्दल त्यांना २००९ मध्ये नोबेल मिळालं. त्याआधी आपल्या पंजाबचे नरिंदरसिंग कपानी यांनी १९५० च्या दशकात काचेच्या धाग्यांतून चित्र पलीकडे नेऊन दाखवलं होतं. आणि बऱ्याच जणांना माहीत नसेल, भारतातली टेलिफोन एक्स्चेंज जोडणारी पहिली ऑप्टिकल फायबर यंत्रणा बसली ती आपल्या पुण्यात, १९७९ मध्ये. पुण्याहून आमच्या वाडीला यायला गाडीने सात-आठ तास लागतात. फायबरला पंचेचाळीस वर्षांच्या वर लागली.

मधल्या काळात इंटरनेट आलं. १५ ऑगस्ट १९९५ ला सर्वसामान्यांसाठी सुरू झालं, अर्थातच मुंबईसारख्या महानगरांत. गावाचा पहिला मोठा प्रयोगही महाराष्ट्रातलाच. १९९८ मध्ये वारणानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या परिसरात कोल्हापूर-सांगलीतली ७० गावं संगणकाने जोडायचा प्रकल्प सुरू झाला. गावागावांत संगणक केंद्रं, शेतकऱ्याला ऊस किती भरला, तोडीची पावती, बाजारभाव असं सगळं तिथे मिळावं ही कल्पना. त्या वेळी देशभर त्याचं नाव झालं होतं.

पुढे काय झालं ते बघा. काही वर्षांनी संशोधकांनी जाऊन पाहिलं तर शेतकरी त्या संगणकाचा उपयोग प्रामुख्याने उसाच्या हिशेबासाठीच करत होते, आणि संगणक, वीज, दुरुस्ती यांचा खर्च जड जात होता. मग काही गावांत संगणकाच्या जागी साधा मोबाईल आणि एसएमएस वापरून तोच हिशेब द्यायचा प्रयोग झाला, आणि तो स्वस्तात चालला. वारणेचा प्रयोग फसला असं मी म्हणणार नाही. गावाला नेमकं काय हवं आहे आणि बिघडलं तर दुरुस्त कोण करणार, हे दोन प्रश्न यंत्र बसवायच्या आधी विचारायचे असतात, हे वारणेने शिकवलं.

२००४ मध्ये ब्रॉडबँड धोरण आलं. त्यात ब्रॉडबँड म्हणजे किमान २५६ केबीपीएस. आज हसू येईल. २०१३ मध्ये ते ५१२ केलं आणि २०२३ मध्ये २ एमबीपीएस. त्या धोरणात २०१० पर्यंत २ कोटी जोडण्यांचं लक्ष्य होतं. २०१० संपताना आकडा १.१ कोटीच्या आसपास होता. गावाकडे अडचण साधी होती. ते इंटरनेट फोनच्या तांब्याच्या तारेवरून यायचं, आणि एक्स्चेंजपासून तीन-चार किलोमीटरपलीकडे त्या तारेत जीवच राहात नाही. आपल्या वाड्या तर त्याच्याही पुढे. वर पावसाळ्यात जॉइंटमध्ये पाणी, उन्हाळ्यात वणवा, आणि बारा महिने तांब्याची चोरी.

म्हणून २५ ऑक्टोबर २०११ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने नॅशनल ऑप्टिकल फायबर नेटवर्क मंजूर केलं. देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींत १०० एमबीपीएसचं फायबर, खर्च सुमारे २० हजार कोटी, मुदत दोन वर्षं. पैसा कुठला? तुमच्या-माझ्या मोबाईल बिलातला. २००२ पासून दूरसंचार कंपन्यांच्या उत्पन्नातला ५ टक्के हिस्सा ग्रामीण सेवेच्या निधीत जातो. आता त्याचं नाव डिजिटल भारत निधी. म्हणजे ही मेहेरबानी नाही. बिल भरताना आपण भरलेलेच पैसे आहेत.

आधी अजमेरमधलं अरैन, त्रिपुरातलं पानीसागर आणि विशाखापट्टणममधलं परवाडा अशा तीन ब्लॉकमध्ये ५९ ग्रामपंचायतींत प्रायोगिक काम झालं. मग मुदती उलटत गेल्या. २०१५ मध्ये योजनेचं नाव भारतनेट झालं. पहिल्या टप्प्यातल्या १ लाख ग्रामपंचायती पूर्ण झाल्याचं जाहीर झालं ते डिसेंबर २०१७ मध्ये. त्याच वर्षी दुसरा टप्पा मंजूर झाला, आणि आपल्या राज्याने तो महानेट या नावाने स्वतः करायला घेतला.

१५ ऑगस्ट २०२० ला लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी हजार दिवसांत सहा लाख गावांत फायबर पोचवू असं सांगितलं. ४ ऑगस्ट २०२३ ला मंत्रिमंडळाने सुधारित भारतनेट मंजूर केलं, खर्च १,३९,५७९ कोटी. २० हजार कोटींपासून इथपर्यंतचा हा प्रवास.

पैसे वाढले म्हणून नुसतं बोट दाखवायला मी बसलेलो नाही. काय चुकलं आणि काय शिकलं गेलं ते महत्त्वाचं. पहिली चूक रचनेत होती. फायबर सरळ रेषेत टाकलं होतं, तालुक्यापासून एकापुढे एक. मध्ये जेसीबीचा एक घाव बसला की पुढची सगळी गावं बंद. सुधारित योजनेत रिंग आहे, म्हणजे एका बाजूने तुटलं तर दुसऱ्या बाजूने चालू. दुसरी चूक, बसवणाऱ्याला पैसे बसवण्याचे मिळायचे, चालवण्याचे नाही. आता ठेकेदाराला दहा वर्षं चालवायचीही जबाबदारी आहे. तिसरी चूक तीच, जुनी. मोजणी ग्रामपंचायतीच्या दारात थांबली. या वेळी पहिल्यांदा दीड कोटी ग्रामीण घरांना जोडणी देण्याचं लक्ष्य लिहिलं गेलं आहे, आणि त्यासाठी गावातलाच माणूस "उद्यमी" म्हणून नेमून त्याला महसुलात वाटा द्यायचा आहे. पोस्टमन, बूथवाला, आणि आता उद्यमी. शेवटच्या टप्प्याला गावचा माणूस लागतो हे सरकारला कळायला दीडशे वर्षं लागली म्हणायची.

आपल्या राज्यात ग्रामपंचायती सुमारे २८ हजार आणि जनगणनेच्या यादीत गावं सुमारे ४४ हजार. कोकणात तर एका ग्रामपंचायतीत आठ-दहा वाड्या, दोन वाड्यांच्या मध्ये पऱ्या, डोंगर, कलमांच्या बागा. देशावर गावठाण एका जागी असतं, तिथे ग्रामपंचायतीपर्यंत फायबर आलं म्हणजे शंभर पावलांवर घरं. आमच्याकडे शंभर पावलांवर फक्त करवंदीची जाळी.

आता आमची गोष्ट. लॉकडाऊनमध्ये वाडीतली पोरं शाळेसाठी सड्यावर जाऊन बसायची, रेंज तिथेच. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, पुढच्या मे महिन्यात तौक्ते. आमच्याकडे दोन्ही वेळा लाईट गेली, मग टॉवरची बॅटरी संपली आणि मोबाईलही गेला. मुंबईची माणसं काळजीने वेडी, आणि इकडे आम्ही धडधाकट. तार उशिरा पोचायची त्या काळात परत गेल्यासारखं झालं.

पावसाळ्यानंतर आम्ही ग्रामपंचायतीत गेलो. कोपऱ्यात लोखंडी पेटी होती, वर जुने हजेरीपट ठेवलेले. उघडली तर आत दिवा नाही. ग्रामसेवक भाऊसाहेब भले माणूस, पण त्यांनी सांगितलं की पेटीची चावी कुणाकडे, बिल कुणाचं, तक्रार कुठे, याचा एकही कागद ऑफिसात नाही. मग आम्ही कंपन्यांकडे अर्ज केले. एकीकडून उत्तर आलं "फिजिबल नाही". दुसरीकडून माणूस आला, डोंगर बघितला, चहा प्यायला आणि गेला तो गेलाच. तिसरीकडे नोंदणीचे पैसे भरले, त्याची पावती अजून माझ्या पाकिटात आहे.

शेवटी काम झालं ते तालुक्यातल्या टीव्ही केबलवाल्या पोरामुळे. त्याने एक साधी गोष्ट सांगितली. "काका, एका घरासाठी अडीच किलोमीटर ओढली तर मी मेलो. आठ घरं द्या, आजच मोजमाप घेतो." आम्ही त्याच संध्याकाळी देवळात बसलो आणि आठ घरं जमवली. त्यातल्या तीन घरांचे मालक मुंबईला, पण म्हातारी माणसं इथे. त्यांनी फोनवरच हो म्हटलं.

खोदून न्यायचं म्हणजे जांभ्या दगडात चर मारायचा. त्याचा खर्च ऐकून सगळे गप्प. मग खांबांवरून आणि बागांतून न्यायचं ठरलं. कायद्यात परवानग्यांचे नियम आहेत, १ जानेवारी २०२५ पासून नवे लागू झालेत. पण बागेतून तार न्यायची तर बागायतदाराच्या तोंडचा शब्दच लागतो. सात जणांना भेटलो. एक तात्या अडून बसले. "फवारणीला शिडी लावली की तुमची तार तुटंल, मग माझ्या नावाने बोंब." बरोबर होतं त्यांचं. तार दोन हात वर घेतली आणि तुटली तर जबाबदारी आमची असं लिहून दिलं, मग ते स्वतः खुंटी मारायला आले.

जोडणीच्या दिवशी लाल दिवा काही जाईना. केबलवाल्याने मीटर लावला, मायनस ३१. तो म्हणाला, मायनस २७ च्या खाली गेलं की मॉडेमला दिसत नाही. फायबरमध्ये जाणारा प्रकाशच. एका धाग्यातला उजेड डब्यात वाटून बत्तीस घरांपर्यंत नेता येतो, पण प्रत्येक वाटणीत, प्रत्येक जोडाला तो थोडा कमी होतो. धागा जास्त वाकला तर उजेड कडेने बाहेर पडतो. खांबाखांबावर शोधत आलो तर माझ्याच पडवीत, खिळ्याला गुंडाळून कुणीतरी तार नीटनेटकी दिसावी म्हणून करकचून आवळली होती. ती मोकळी केली, देवळाजवळचा एक जोड यंत्रावर नव्याने वितळवून जोडला, आणि मीटर आला मायनस २१ वर. हिरवा दिवा!

आता खरं सांगतो, आनंद झाला तरी मी निश्चिंत नाही. वानरं तार चावतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये वणवा लागला की लटकती तार पहिली जळते. लाईट गेली की तासाभरात सगळं ठप्प. आणि तो केबलवाला पोरगा उद्या मुंबईला नोकरीला गेला तर? म्हणजे आमची आठ घरं आज एका माणसाच्या भल्या स्वभावावर चालू आहेत. उरलेल्या साठ घरांचं तर अजून नावच नाही. पोस्टमनच्या पायांवर चालणारी तार ती हीच.

म्हणून येत्या ग्रामसभेत मी पाच गोष्टी मांडणार आहे. तुम्हीही आपापल्या गावात मांडा.

१. ग्रामपंचायतीतली पेटी चालू आहे का, नसेल तर कधीपासून बंद आणि जबाबदार कोण, हे ठरावात लिहून घ्या. तोंडी उत्तर नको. ठरावाची प्रत गटविकास अधिकाऱ्यांकडे पाठवा.

२. वाडीनिहाय यादी करा. कुठल्या वाडीत किती घरांना जोडणी हवी, महिन्याला किती भरायची तयारी. एका घराला कुणी विचारत नाही, यादीला विचारतात. आमचा अनुभव हाच.

३. रस्ता, नळपाणी, गटार, कुठलंही खोदकाम सुरू व्हायच्या आधी तार कुठून गेली आहे ते दाखवल्याशिवाय जेसीबी लावू द्यायचा नाही. खोदण्याआधी कळवण्यासाठी केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये "कॉल बिफोर यू डिग" हे ॲपही काढलं आहे. आणि नवा रस्ता होतच असेल तर कडेला रिकामा पाईप टाकून ठेवा. नंतर तोच जांभा पुन्हा फोडायला नको.

४. पेटीला आणि वाडीतल्या जोडाच्या डब्याला बॅटरी नाहीतर सोलर. वादळात फोन लागणं ही चैन नाही, निसर्ग आणि तौक्ते आपण बघितलं आहे.

५. गावातली दोन मुलं-मुली तार जोडायला आणि मीटर बघायला शिकवून तयार करा. उद्यमी नेमायचाच असेल तर तो बाहेरचा नको.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, मोजणी. पुढच्या वेळी कुणी भाषणात "तुमचं गाव जोडलं" असं म्हणालं तर एवढंच विचारा, "साहेब, किती घरं?" विजेच्या बाबतीत हा प्रश्न विचारायला आपल्याला पन्नास वर्षं लागली. पाण्याच्या बाबतीत आत्ता कुठे विचारायला लागलो. फायबरच्या बाबतीत तरी आधीच विचारू या.

काल रात्री काकींनी नातवाशी पाऊण तास व्हिडिओवर गप्पा मारल्या. फोन ठेवल्यावर मला म्हणाल्या, "अरे, ह्यांच्या वेळी हे असतं तर..." काकांची तार मुंबईहून आली होती, १९८१ साली, आणि तीन दिवस उशिरा.

तुमच्या वाडीतली पेटी चालू आहे का बंद, आणि घरात किती जोडण्या, ते खाली नक्की लिहा. गावाचं नाव टाका, माणसाचं नको. यादी मी करतो.